गोव्यातली "१९६१ ची एमजी" ऑनलाईन घ्यायचीय, खरी आहे का कसं ओळखायचं?

भाट्येकर:
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीचा. जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घ्यायचं बरीच वर्षं डोक्यात आहे, पैसे पण त्यासाठीच बाजूला टाकत आलोय. आता एका साईटवर एमजी या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या गाडीची जाहिरात दिसलीय. त्यात लिहिलंय "एमजी स्पोर्ट्स, १९६१ मॉडेल, पोर्तुगीज काळात गोव्यात आलेली, पहिल्यापासून एकाच घरात, मॅचिंग नंबर्स, पेपर क्लिअर". मॅचिंग नंबर्स म्हणजे इंजिन-चेसिसचे नंबर मूळचेच, असं तो सांगतो. गाडी म्हापशाजवळ आहे. विकणारा मालक नाही, मधला माणूस आहे, फोनवर बोलायला एकदम गोड.
फोटो बरेच दिलेत. लाल रंग, स्टिअरिंग उजवीकडे, पुढे उभ्या पट्ट्यांची क्रोमची जाळी, दाराला बटण दाबून उघडायचं क्रोमचं हँडल, काचा हँडलने खालीवर होतात. एका फोटोत तारांची चाकं आहेत, दुसऱ्यात साधी पत्र्याची, ते काही मला कळलं नाही. त्याचं म्हणणं की आज पन्नास हजार टोकन पाठवा नाहीतर उद्या बेळगावचं गिऱ्हाईक येऊन उचलणार. मला या गाड्यांचं प्रेम आहे पण आतलं ज्ञान नाही. काय काय तपासू? सविस्तर सांगा प्लीज.

मिऱ्याबंदर:
टोकन पाठवू नका. बाकीचं मागाहून. "उद्या दुसरा येतोय" हे ज्याला तुम्हाला विचार करू द्यायचा नाही तोच बोलतो. आधी व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवायला सांगा, नंबरप्लेटपासून सुरुवात करून न थांबता बॉनेट उघडून इंजिनापर्यंत, कॉल न तोडता. टाळाटाळ केली तर तिथेच थांबा. आणि कोणी आधीच पैसे पाठवून बसलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर लगेच फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. आमच्या बाजूच्या एका दुकानदाराचे जुन्या बुलेटच्या नादात गेले, तो दोन दिवस समोरच्याच्या फोनची वाट बघत बसला आणि तोपर्यंत खातं रिकामं.

सातार्डेकर:
मी बॉर्डरवरच राहतो, म्हापसा आमचा बाजाराचा गाव. जाहिरातीतली गोष्ट अगदीच अशक्य नाही हं. पोर्तुगीजांच्या वेळी गोव्यात विलायती गाड्या सर्रास यायच्या, आपल्याकडे आयात बंद असताना तिकडे बंदरात उतरायच्या. जुन्या घरांच्या मागच्या पडवीत अजून काही उभ्या आहेत. १९६१ नंतर त्यांची भारतात नव्याने नोंदणी झाली, जीडी ने सुरू होणारे नंबर मिळाले. गोवा, दमण, दीवचा तो जुना कोड. आरसीवर असा नंबर असेल तर निदान गाडी गोव्यात जुनी आहे एवढं म्हणता येईल.
आणखी एक, काही लोक म्हणतील पोर्तुगीजांची गाडी तर स्टिअरिंग डावीकडे हवं. तसं नाही. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजव्या बाजूने चालायला सुरुवात केली पण गोव्यात रहदारी डावीकडूनच राहिली. त्यामुळे उजवं स्टिअरिंग बघून शंका घेऊ नका.

एसयू_कार्ब:
धागा उशिरा बघितला. भाट्येकर, तुम्ही जे वर्णन केलंत ते नीट वाचलं आणि मला पहिल्याच पायरीवर अडखळायला झालं.
उभ्या पट्ट्यांची रुंद जाळी, खालीवर होणाऱ्या काचा, दाराला बाहेरून हँडल, ही एमजीबी आहे. एमजीबी बाजारात आली १९६२ मध्ये. गोवा मुक्त झालं १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे पोर्तुगीज काळात गोव्यात आलेली एमजीबी ही वस्तूच असू शकत नाही, कारण पोर्तुगीज गेले तेव्हा ती विकायला आलेलीच नव्हती.
१९६१ मध्ये एमजीची जी मोठी स्पोर्ट्स कार मिळायची ती एमजीए. ती ओळखायला अगदी सोपी. गोलसर अंग, पुढचे मडगार्ड वेगळे फुगलेले, आणि उघड्या एमजीएला दाराला बाहेरून हँडलच नसतं. आत हात घालायचा, दाराच्या खिशात एक दोरी असते ती ओढायची, मग दार उघडतं. काचा पण नाहीत, पाऊस आला की बाजूचे पडदे काढून दारावर बसवायचे. एकदा बघितलेली असेल तर एमजीबीशी गोंधळ होणं शक्य नाही.
तुम्ही सांगितलेलं बटणाचं हँडल तर एमजीबीला पण पहिल्या दिवसापासून नव्हतं. सुरुवातीला ओढायचं हँडल होतं, १९६५ च्या सुमाराला बटणवालं आलं. तेव्हा फोटोतली गाडी १९६५ किंवा त्यानंतरची. (दारं बदललेली असू शकतात, पण तो मुद्दा नंतर.)
तारांची चाकं आणि पत्र्याची चाकं एकाच गाडीवर एकाच वेळी नसतात. चाकं बदलता येतात पण तारांच्या चाकाला हबच वेगळा लागतो. फोटो दोन गाड्यांचे मिसळलेत असं माझं मत. ते फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा.
आरसीचा फोटो मागवा. चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, उत्पादनाचं वर्ष, एवढं इथे लिहा, शेवटचे चार आकडे झाकून.

भाट्येकर:
एसयू_कार्ब दादा, खूप आभार, हँडलचं मला स्वप्नात पण सुचलं नसतं. आरसी मिळाली. जुनं पुस्तक आहे, हाताने भरलेलं, पानं पिवळी झालीयत पण अक्षर सुंदर. नंबर जीडी सिरीजचाच आहे, सातार्डेकर म्हणाले तसं. उत्पादन १९६१. चेसिस नंबर जीएचएन२ ने सुरू. इंजिन नंबर १६जीसी ने सुरू. सीसी १६२२. मालकाचं नाव एकच, पुढे वारसाचं. परिवहनच्या ॲपवर टाकलं तर "रेकॉर्ड सापडत नाही" येतं. इमेज सर्चमध्ये आतल्या डॅशबोर्डचा फोटो एका विलायती जाहिरातीत सापडला, हुबेहूब तोच. बाकीचे फोटो कुठे नाहीत.
विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, गाडी रिस्टोअर करताना बॉडी बदललीय, पेपर एकदम ओरिजिनल आहेत".

एसयू_कार्ब:
आरसी खरी वाटते, आणि म्हणूनच काळजी जास्त.
एमजीच्या नंबरांची रीत अशी. पहिलं अक्षर जी म्हणजे एमजी. दुसरं एच म्हणजे इंजिन १४०० ते १९९९ सीसीच्या गटातलं. तिसरं एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, डी असेल तर बंद टपाची. शेवटचा आकडा मालिकेचा. जीएचएन२ म्हणजे एमजीए १६०० मार्क टू (म्हणजे दुसरी आवृत्ती), उघडी. एमजीबी सुरू झाली तीच जीएचएन३ पासून, मग मार्क टू ला जीएचएन४, नंतर जीएचएन५. डाव्या स्टिअरिंगची असेल तर आकड्यानंतर एल लागतो.
इंजिनाचं पण तेच. १६जीसी हे एमजीए १६०० मार्क टू चं, १६२२ सीसी. एमजीबीचं १७९८ सीसी, त्याचे नंबर १८जी, १८जीए, १८जीबी असे चालतात.
म्हणजे तुमच्या हातातलं पुस्तक १९६१ च्या एमजीएचं आहे आणि त्यातली प्रत्येक नोंद एकमेकीला धरून आहे, वर्ष, चेसिस, इंजिन, सीसी. जाहिरातीतली पोर्तुगीज काळाची गोष्ट पण त्या पुस्तकापुरती खरी असेल. फोटोतली गाडी मात्र ती नाही.
"बॉडी बदलली" हे उत्तर इथे चालत नाही. एमजीएला खाली स्वतंत्र लोखंडी चेसिस आहे, त्यावर बॉडी बोल्टने बसते. एमजीबीला वेगळी चेसिसच नाही, पत्र्याचं सगळं अंग हाच सांगाडा. एमजीएच्या चेसिसवर एमजीबीची बॉडी "बदलून" बसत नाही. एमजीए कुठेतरी सडून गेली किंवा विकली गेली, तिचं पुस्तक उरलं, आणि बिनकागदाच्या एमजीबीला ते पुस्तक लावलं, मला तरी दुसरा अर्थ लागत नाही.
ॲपवर रेकॉर्ड नाही याचा एवढ्यावरून अर्थ काढू नका. जुनी कितीतरी पुस्तकं अजून कॉम्प्युटरवर चढलेली नाहीत.

अलिबाग_आरटीओ_कामं:
मी हीच कामं करतो म्हणून लिहितो. ट्रान्सफर करताना गाडी समोर लागते, निरीक्षक चेसिस नंबर वाचतो, पेन्सिलची छाप घेतली जाते आणि ती पुस्तकाशी ताडून बघतात. गोव्याहून रत्नागिरीला आणायची तर तिकडून फॉर्म २८ ची एनओसी, मग २९ आणि ३०, इकडचा टॅक्स, एमएच-०८ ला नोंद. या सगळ्यात कुठेही कुणी बॉनेट उघडून विचारलं की हे १६२२ चं इंजिन आहे का, तर तुमच्याकडे उत्तर नाही. गाडी अडकली की विकणारा तुमचा फोन घेणार नाही, आणि त्या वेळी गाडी तुमच्या ताब्यात असणार, त्याच्या नाही. विमा पण तोच. नंबर जुळत नसेल तर क्लेमच्या वेळी हात वर.
एनसीआरबीचं (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं) वाहन समन्वय पोर्टल आहे, तिथे चेसिस आणि इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद बघता येते. पण पुस्तकातला नंबर टाकून उपयोग अर्धाच, गाडीवरचा खरा नंबर मिळाला तर तो टाकून बघायला हवा.
आणि एक सांगतो, १५ जुलै २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आलेत. ५० वर्षांच्या वरची दुचाकी-चारचाकी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली, तिला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते. नवीन नोंद असेल तर नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण ५,००० ला. आधीच नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. मात्र रोज बाजाराला न्यायला नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. एमजीएच्या पुस्तकावर एमजीबी घेऊन तुम्ही तिथे गेलात तर "मूळ स्वरूप" या एका अटीवर फाईल परत येणार.

खारा_वारा:
भाट्येकर दादा, मी हर्णैला असते, आमच्याकडे माझ्या सासऱ्यांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, अजून चालते, म्हणून कागदाव्यतिरिक्त दुसरं बोलते. समजा कागद सगळे बरोबर निघाले असते तरी किनाऱ्यावरची गाडी फक्त फोटोवर घेऊ नये. खारा वारा वरून दिसत नाही, आतून खातो. आमची हेराल्ड वरून चकचकीत होती आणि मेकॅनिकने दाराखालच्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला. त्यातून पिवळट भुसा पडला, त्यात पत्र्याचे पापुद्रे आणि कधीतरी कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा, त्याच्यावर पुट्टी आणि पुट्टीवर रंग. कुणीतरी एका पावसाळ्यापुरती केलेली मलमपट्टी होती ती.
पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची तर प्लास्टिक घालू नका, घाम धरतं. सुती कापड आणि खालून हवा. तुम्ही भाट्याला म्हणजे पाण्यालगतच असाल, तेव्हा जी काही गाडी घ्याल तिला आधी शेड बांधा.

कुडाळचो:
माका पत्तो धाडा, मी जावन बघून येतंय. म्हापशाक माझा काम असताच. पण काय बघूचा ता आधी कोणीतरी नीट लिवून देवा, एमजी मी कधी हातात घेतलेली नाय, ॲम्बॅसेडर नि फियाट घेतल्या आसत.

एसयू_कार्ब:
कुडाळचो भाऊ, ॲम्बॅसेडर केलीयत म्हणजे अर्धं काम झालं. ॲम्बॅसेडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ हे एकाच खानदानातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज. म्हणूनच आपल्याकडे एमजीला ॲम्बॅसेडरचं इंजिन बसवलेलं असण्याची भीती कायम असते, तुमच्या डोळ्याला ते पटकन कळेल. एमजीबीवर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर हवेत, एक नाही.
सोबत न्या: एक लोहचुंबक (फडक्यात गुंडाळून, रंगाला चरा नको), पेन्सिल आणि पातळ कागद, टॉर्च, लहान आरसा.
इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेटने मारलेल्या लहान पट्टीवर असतो. पट्टी आहे का, रिव्हेट जुने की नवे, ते बघा. चेसिस नंबरची प्लेट इंजिनाच्या खोलीत असते, ती पण सुटी बसवलेली असते. म्हणूनच "मॅचिंग नंबर्स" या शब्दावर मी कधी भुलत नाही, दोन पट्ट्या जुळवणं हे ड्रिलचं काम आहे. प्लेटीच्या आजूबाजूचा पत्रा बघायचा. जुनी भोकं बुजवलीत का, रंग प्लेटीच्या खाली गेलाय की प्लेटीला वळसा घालून.
चुंबक मडगार्डच्या खालच्या भागाला, दाराखालच्या सिलला, मागच्या चाकाच्या कमानीला लावा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. मात्र बॉनेटला नाही चिकटलं तर घाबरू नका, १९७० च्या आधीच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. उलट तिथे चिकटलं तर बॉनेट नंतरच्या गाडीचं.
सिल महत्त्वाची. एमजीबीला चेसिस नाही म्हणून गाडीचा सगळा ताठपणा त्या दाराखालच्या तीन थरांच्या सिलमध्ये. मालक हो म्हणाला तर जॅकच्या जागेवर जॅक लावून एक बाजू उचला आणि दार उघडून लावून बघा. वरची फट कमी झाली, दार अडकायला लागलं, तर आत काही उरलेलं नाही.
गाडी चालत असेल तर हळू चालू असतानाच पहिला गिअर टाका. १९६७ पर्यंतच्या मार्क वनला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता पडू देणारी सोय) नाही, करकरणार. मार्क टू ला गुपचूप पडेल. बॅटरी सीटच्या मागे, मार्क वनला सहा-सहा व्होल्टच्या दोन.

आंबोली_घाटमाथा:
मध्येच विचारतो, हेच सगळं टाळायला सरळ इंग्लंडहून ऑनलाईन घेतली तर? तिकडे तर शेकड्याने मिळतात.

एसयू_कार्ब:
पूर्वी १९५० च्या आधीच्याच व्हिंटेज गाड्या आणता यायच्या, २०२५ मध्ये नियम बदलून ५० वर्षांच्या वरच्या आणायला वाट मोकळी झाली. पण ड्युटी भरावीच लागते आणि ती जड आहे, गाडीच्या किमतीवर समाधान मानून बसू नका. आणि पारख तिथेही करावीच लागते. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून एमजीबीची नवी कोरी बॉडी बनवत आलंय. जुन्या गाडीची ओळख नव्या बॉडीवर चढवलेल्या कितीतरी गाड्या तिकडे आहेत. विकणारा प्रामाणिक असेल तर सांगतो, आणि ती गाडी चालवायला उत्तम असते. न सांगता "ओरिजिनल" म्हणून विकली तर फसवणूक.

कुडाळचो:
जावन इलंय. आता मराठीत लिहितो, सगळ्यांना समजूदे.
गाडी आहे. म्हणजे भुताची जाहिरात नाही, एका वाड्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. पत्र्याची चाकं. तारांची नाहीत. मधला माणूस बरोबर होता, मालक घरात होते, वयस्कर, बाहेर आले नाहीत.
बॉनेट उघडलं. दोन एसयू आहेत. ॲम्बॅसेडरचं इंजिन नाही, मी ब्लॉक बघूनच सांगतो. उजव्या अंगाला पट्टी सापडली, काजळी पुसून टॉर्च मारली, १८जीबी. रिव्हेट जुनेच, तेलाने काळे झालेले, कोणी हात लावलेला नाही.
चेसिसची प्लेट बघितली आणि माझं मलाच कसं वाटलं. पितळेची प्लेट, नवी चकाकणारी, चार स्क्रू, स्टार डोक्याचे. त्यावर जीएचएन२ आणि पुढचे आकडे. मी पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. छापेत जी उजवीकडे झुकलेला, एच सरळ, एन अर्धा पुसट, आणि दोनचा आकडा इतका खोल की कागद फाटायला आला. एकेक पंच हातोडीने मारलेला, तो पण वेगवेगळ्या दिवशी मारल्यासारखा. आरसा लावून प्लेटीच्या कडेने बघितलं तर वरच्या अंगाला दोन जुनी भोकं, रंग भरून बुजवलेली, या प्लेटीच्या स्क्रूशी न जुळणारी. म्हणजे तिथे आधी दुसऱ्या मापाची प्लेट होती.
पुढच्या आडव्या पट्टीवर डाव्या बाजूला आणखी एक लहान पत्र्याचा बिल्ला होता, रंगाखाली. त्यावर वेगळाच नंबर आहे, मी फोटो काढला. ते काय ते एसयू_कार्बना माहीत.
चुंबक बॉनेटला लागला नाही. उजव्या सिलला मध्यापर्यंत लागला, मागच्या चाकाकडे वीतभर नाही. डावी सिल बरी आहे. जॅक लावू दिला नाही. गाडी सुरू करून दिली, शेडच्या बाहेर दहा-बारा फूट नेली, हळूवर असताना पहिला टाकला तर असा करकरला की तो माणूसच दचकला.
इंजिनाचा आवाज मात्र गोड आहे. मी खोटं बोलणार नाही, गाडी मनात भरली.

एसयू_कार्ब:
भाऊ, इतका स्वच्छ रिपोर्ट पैसे देऊन माणूस पाठवला तरी मिळत नाही.
जुळवून बघा. ॲल्युमिनियम बॉनेट म्हणजे १९७० च्या आधीची. १८जीबी म्हणजे पाच बेअरिंगचं इंजिन, ते १९६४ च्या शेवटी आलं आणि मार्क वन संपेपर्यंत चाललं. पहिला गिअर करकरतो म्हणजे मार्क वनचाच गिअरबॉक्स. दाराला बटण म्हणजे १९६५ नंतर. चारही गोष्टी एकाच ठिकाणी येतात, १९६५ ते १९६७ ची खरी एमजीबी, आणि बरीचशी न ढवळलेली. तिचा मूळ नंबर जीएचएन३ ने सुरू व्हायला हवा. तो कुणीतरी काढून टाकलाय.
डावीकडचा बिल्ला बॉडी नंबरचा. त्याचा फोटो जपून ठेवा. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या नोंदी आहेत, तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात चेसिस, इंजिन, बॉडी नंबर, मूळ रंग, कुठल्या देशात पाठवली, बांधणीची तारीख असतं. पण लक्षात घ्या, ते सर्टिफिकेट कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच सांगतं. तुमच्या समोर उभी आहे ती तीच, हे सर्टिफिकेट सांगू शकत नाही, ते बिल्ला, पट्टी, पत्रा बघूनच ठरवायचं. इथे मधल्या माणसाने उद्या जीएचएन२ चं सर्टिफिकेट मागवून तुमच्या हातात ठेवलं तर ते अस्सल असेल, शिक्क्यासकट, आणि तरीही या गाडीचं नसेल.
इंजिन नंबर जुळत नाही म्हणून दरवेळी चोरी समजू नका, हे पण सांगून ठेवतो. त्या काळात कारखानाच जुनं इंजिन घेऊन गोल्ड सीलचं तयार इंजिन द्यायचा, त्याचा नंबर वेगळा. तशी गाडी मी डोळे झाकून घेईन, कारण ती नोंद प्रामाणिक असते. इथे प्रश्न इंजिनाचा नाही, गाडीच्या नावाचाच आहे.

आंबोली_घाटमाथा:
मग गाडी तर खरीच निघाली की. एमजीए नाही तर एमजीबी. भाव पाडून घ्या आणि चालवा. एवढी न ढवळलेली परत कुठे मिळणार?

अलिबाग_आरटीओ_कामं:
घाटमाथा साहेब, तुमची कळकळ समजते पण कृपया असा सल्ला देऊ नका. ती गाडी भारतात आली कशी हे कुणालाच माहीत नाही. त्या काळात परदेशी प्रवासी कार्नेवर गाड्या घेऊन यायचे, म्हणजे परत नेण्याच्या बोलीवर, ड्युटी न भरता. काही इथेच राहिल्या. वकिलातींच्या गाड्या पण विकल्या जायच्या, पण त्यांचे कागद असतात. या गाडीचा एकही कागद नाही, आणि नंबर बदललेला आहे हे आपल्याला आता माहीत आहे. आजवर मालक म्हणू शकत होता की मला कल्पना नव्हती. भाट्येकर आता तसं म्हणू शकत नाहीत. भाव कितीही पाडला तरी हे बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि इथे तर बदल नाही, गाडीच दुसरी आहे.

भाट्येकर:
सगळ्यांना मनापासून नमस्कार. काल रात्री मी मधल्या माणसाला फोन केला, पेन्सिलच्या छापेचं सांगितलं, बिल्ल्याचं सांगितलं. आधी म्हणाला तुम्हाला कोणीतरी भडकवलंय. मग म्हणाला किंमत कमी करतो. मग म्हणाला एवढं बघायचं तर जुनी गाडी घेऊच नका. मी नाही म्हणून सांगितलं. टोकन दिलेलं नव्हतं, ते मिऱ्याबंदरमुळे. जाहिरात साईटला रिपोर्ट केली, सोबत आरसी आणि प्लेटीचा फोटो जोडला.
कुडाळचो दादा, तुम्ही माझ्यासाठी जाऊन आलात, पेट्रोलचे पैसे तरी घ्या. रत्नागिरीला आलात की जेवायला घरी.
आता मनात एकच आहे. त्या मालकांना, जे बाहेर आले नाहीत, त्यांना तरी माहीत असेल का की त्यांच्या पुस्तकावर दुसरी गाडी विकायला काढलीय? पुस्तकात पहिलं नाव बहुतेक त्यांच्या वडिलांचं आहे.

सातार्डेकर:
मी त्यांच्याकडे जाऊन येतो. माझ्या ओळखीचे त्या वाड्यावर आहेत. भांडायला नाही, फक्त विचारायला. पुस्तक खरं असेल तर १९६१ मध्ये त्या घरात एक एमजीए होतीच, आणि जुन्या माणसांना गाडी कुठे गेली ते आठवतं.

सातार्डेकर:
जाऊन आलो. म्हातारे काका बोलायला चांगले आहेत. एमजीबी त्यांची नाहीच. मधल्या माणसाने शेड भाड्याने घेतलीय आणि "जुनं पुस्तक रद्दीत जाईल त्यापेक्षा द्या" म्हणून पुस्तक नेलं. एमजीए त्यांच्या वडिलांनी घेतली होती, पांढरी. त्यांना दोरी ओढून दार उघडायचं लख्ख आठवतंय, मी न विचारताच त्यांनी हाताने करून दाखवलं. गाडी मुलाने पुढे कधीतरी भंगारात न देता शिवोलीच्या एका नातेवाईकाकडे ठेवली, इंजिन बाहेर काढलेलं, बॉडी सडली असेल पण खालची चेसिस असावी असं म्हणतात. पुस्तक परत मागायला ते आता वकिलाकडे जाणार आहेत.

एसयू_कार्ब:
सातार्डेकर, चेसिस असेल तर तिला कुणालाही घासू, रंगवू देऊ नका. गंज आहे तसा राहू दे. आधी फोटो, मग नंबर असेल तिथे पेन्सिलची छाप, मग इंजिनाची पट्टी १६जीसी आहे का ते. हे तिन्ही पुस्तकाशी जुळलं तर भाट्येकरांनी गेडनला अर्ज टाकावा, त्या वेळी सर्टिफिकेटचा खरा उपयोग आहे. एमजीएची बॉडी परत बांधता येते, वेळ लागेल, पैसे लागतील.

कुडाळचो:
शिवोलीक मी येतंय. चुंबक नि पेन्सिल गाडयेतच आसत.

भाट्येकर:
रविवारी मी पण निघतोय, पहाटेच. काकांना भेटून, त्यांनी परवानगी दिली तरच शिवोलीला जाऊ. खारा_वारा ताई, शेडचं माप काय घ्यावं ते जरा कळवा.